गंगाजीच्या शेतातील तीर्थ

रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळ उन्हाळे गाव आहे. खाली अर्जुना नदीच्या काठी ऊन पाण्याचा झरा आणि वर टेकडीवर गंगातीर्थ. यात्रेकरू ऊन पाण्यात अंग धुतो आणि वाट चढतो. वाट थोडकीच, पण वैशाखात जांभा दगड असा तापतो की अनवाणी पाय पोळतात. वर वडाच्या मुळाशी मूळगंगा आणि तिच्यासह कुंडे 14. त्यांत आपली चंद्रभागाही आहे बरे!

हे पाणी बारमाही नव्हे. साधारण तीन वर्षांनी यावे, काही काळ राहून जावे, अशी पूर्वापार ख्याती. अलीकडे तो नेमही मोडला आहे. जाणते म्हणतात, डोंगराच्या पोटातली पोकळी भरली की वक्रनलिकेच्या न्यायाने पाणी वाहू लागते. "मग बुवा, यात देव कुठे राहिला?" असे कोणी विचारील. अरे, पाऊस कसा पडतो हे कळले, म्हणून शेतकरी पहिल्या सरीला हात जोडायचा थांबला काय?

आख्यायिका अशी. गंगाजी साळुंखे नावाचा कुणबी पंढरीचा नेमाचा वारकरी. म्हातारपण आले, पाय थकले, वारी अंतरली. शेतात उभे राहून त्याने धावा केला आणि तिथेच गंगा प्रकटली.

यावर आळशी माणूस म्हणेल, "देव शेतात येतो, तर चालायचे कशाला?" त्याला सांगावे, पाय होते तोवर गंगाजी चालला. तृ धातूचा अर्थ तरणे. त्यापासून तीर्थ शब्द झाला. ज्याला चालवते त्याने चालूनच तरावे. ज्याला चालवत नाही, त्याच्यासाठी तीर्थ उठून येते. पांडुरंग तरी पुंडलिकाच्या दारी का उभा राहिला? तो आईबापांची सेवा सोडून उठेना, म्हणून!

आता आपल्या घरी पहा. दिंडी निघते तेव्हा उंबऱ्याशी बसलेली म्हातारी डोळे पुसते, "माझी वारी चुकली" म्हणते. तिची वारी चुकलेली नाही, हे तिला कोण सांगणार? तुम्हीच सांगा. परतल्यावर प्रसादाची पुडी फडताळात टाकू नका. आधी तिच्या कपाळी बुक्का लावा, उशाशी बसा, मुक्काम कुठे पडला, पाऊस कुठे लागला, सगळे सांगा. गंगाजीच्या शेतात गंगा आली; तुमच्या माजघरात पंढरी न्यायला तुम्ही आहात.

रामकृष्णहरी.