ईश्वराचें नांव आणि शाळेंतील प्रतिज्ञा

शाळेंत निशाणापुढें मुलांकडून जी प्रतिज्ञा म्हणविली जाते, तींत ईश्वराचें नांव असावें काय, असा वाद अमेरिकेंत पुष्कळ वर्षें चालला आहे. आमच्या मंडळ्यांतील कित्येक म्हणतील, ‘देवाचें नांव घेतलें तर बिघडलें काय?’ म्हणून या गोष्टीचा थोडा विचार करूं.

ती प्रतिज्ञा १८९२ सालीं फ्रान्सिस बेलमी या बाप्टिस्ट पाळकानें लिहिली. लिहिणारा पाळक, तरी तींत ईश्वराचा उल्लेख नव्हता. निरीश्वरवादी साम्यवादाशीं त्या देशाचें वैर चालू असतां, १४ जून १९५४ रोजीं तो कायद्यानें घातला गेला. त्यापूर्वी बरोबर अकरा वर्षें, १४ जून १९४३ रोजीं, तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें होतें कीं, ही प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती कोणत्याही मुलावर करतां येत नाहीं. तो खटला ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या मुलांचा होता. निशाणास वंदन करणें त्यांस मूर्तिपूजेसारखें वाटे. आपल्या देशांतही १९८५ सालीं केरळांत याच पंथाचीं तीन मुलें शाळेंतून काढलीं गेलीं. राष्ट्रगीत चाललें असतां तीं आदरानें उभीं राहत, परंतु गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांस परत घेण्याचा हुकूम दिला.

त्या पंथाचें मत आम्हांस मान्य नाहीं. आम्ही राष्ट्रगीत आनंदानें गातों. परंतु ज्याचें मत आम्हांस पटतें त्याच्याच विवेकबुद्धीस मोकळीक द्यावयाची, तर ती मोकळीक कसली?

आणखी एक गोष्ट पाहा. अमेरिकेंत त्या शब्दांचे कैवारी न्यायालयांत सांगत आले कीं, ही प्रार्थना नव्हे, हा केवळ देशप्रीतीचा विधि आहे. म्हणजे देवाचें नांव राखावें म्हणून त्याचा अर्थच पातळ करावयाचा! तिसरी आज्ञा शिकलेल्यांनीं यांत देवाचा मान कोठें आहे तें सांगावें.

दूरा मैदानांतील तिघां तरुणांची गोष्ट आपण मुलांस सांगतों, परंतु तिचा शेवट बहुधा वगळतों. तिघे वांचल्यावर राजानें फर्माविलें कीं, त्यांच्या देवाविरुद्ध जो बोलेल त्याचे तुकडे करावे. राजानें देवाची थोरवी मानिली, पण धाक सोडिला नाहीं.

आमच्या खेड्यांत हा प्रश्न दूरचा नाहीं. आपल्या मुलास दुसऱ्या देवतेची प्रार्थना म्हणावयास लावलें, तर बापाचें मन दुखतें. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणें, सरकारमान्य वा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत पालकाच्या संमतीवांचून मुलास उपासनेंत भाग घ्यावयास लावतां येत नाहीं. तरी उपदेशक बंधूंनीं हें हेडमास्तरांस भांडून नव्हे, सौम्यतेनें सांगावें. आणि मुलानें तेथें आदरानें उभें राहावें असें त्यास शिकवावें.

परंतु तेंच कलम मिशनच्या शाळांसही लागू आहे. तेथें हिंदु वा मुसलमान मूल आपल्या प्रार्थनेच्या वेळीं गप्प उभें राहिलें, तर त्यास आपण रागें भरतों काय? आपल्या मुलासाठीं जें मागतों, तें शेजाऱ्याच्या मुलास आधीं देऊं या. देवास मुलांचें अंतःकरण पाहिजे, आणि तें छडीच्या धाकानें कोणासही मिळत नाहीं.