नास्तिकतेच्या वाटेवर आपला वाटा

घरातील मुलगा एके दिवशी संध्या-पूजा सोडतो आणि 'देव आहे कशावरून?' असे विचारू लागतो. अशा वेळी आपण दोष देतो तो त्याच्या पुस्तकांना, नाहीतर संगतीला. संगतीचा परिणाम होतो हे खरेच. परंतु त्या संगतीत आपण वडीलधारेही येतो, याचा मात्र आपणांस विसर पडतो.

१८९५ साली गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या आणि १८९८ साली काशीस सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापण्यात पुढाकार घेणाऱ्या अ‍ॅनी बेझंट एके काळी उघड निरीश्वरवादी होत्या. मूळच्या त्या अत्यंत भाविक; पती ख्रिस्ती धर्मोपदेशक. १८७१ साली त्यांची दोन्ही मुले डांग्या खोकल्याने आजारी पडली आणि तान्ही मुलगी मरणाच्या दारी जाऊन आली. निष्पाप बालकाच्या वाट्यास ही यातना का, या प्रश्नाने माता व्याकुळ झाली. पुढे त्या ऑक्सफर्डचे विख्यात धर्मपंडित डॉ. प्यूसी यांस भेटल्या. तुम्ही आधीच फार वाचले आहे, आता केवळ प्रार्थना करा, अशा आशयाचे उत्तर मिळाले. त्यांची शंकाच पाप ठरली!

१८७४ साली त्यांच्या आईचा अंतकाळ जवळ आला. मुलीसह प्रसाद मिळाल्यावाचून तो घेणार नाही, असा आईचा हट्ट होता. इतर धर्मगुरूंनी नकार दिला. वेस्टमिन्स्टरचे डीन स्टॅन्ली मात्र आले आणि त्यांनी मायलेकींस तो दिला. त्यामुळे बेझंटबाईंचे मत पालटले नाही. त्याच वर्षी त्या निरीश्वरवाद्यांच्या संस्थेत गेल्या. तरीही आत्मचरित्रात त्यांनी स्टॅन्लींचे स्मरण कृतज्ञतेने केले आहे.

मग नास्तिक्य म्हणजे दुखावलेल्या मनाचा उद्गार तेवढा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. भगतसिंग आर्यसमाजी कुटुंबात वाढले, बालपणी गायत्रीजप करीत. त्यांचे ज्येष्ठ सहकारी शचींद्रनाथ संन्याल निष्ठावंत ईश्वरभक्त होते. तरीही वाचन व विचार करून आपण १९२६ च्या अखेरीस नास्तिक झालो, असे त्यांनी १९३० साली तुरुंगात लिहिले. शिवाय, आपले आस्तिक्य तरी कोठून आले? बहुधा आईच्या मांडीवरूनच! वाट कोणी दाखविली यावरून मत खरे की खोटे, हे ठरत नाही.

तेव्हा मुलाने शेवटी काय मानावे, हे आपल्या हाती नाही. त्याच्या प्रश्नास आपण कसे सामोरे जावे, एवढेच आपल्या हाती आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीसाठी प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीस परिप्रश्नही सांगितला आहे. अठराव्यात तर सारा उपदेश संपवून भगवंतांनी निर्णय अर्जुनाच्या विचारावर सोपविला. प्रत्यक्ष भगवंतांनी जे स्वातंत्र्य शिष्यास दिले, ते आपण आपल्या मुलास नाकारावे काय? प्रश्न विचारणारा मुलगा अजून आपल्याशी बोलत असतो. त्याचे बोलणे आपल्या रागाने बंद पडू नये, एवढी काळजी प्रत्येक गृहस्थाने घ्यावी.