हसणाऱ्याचा हिशेब

बर्ट विल्यम्स मला आधी नुसता ऐकू आला. १९०६ सालचं ध्वनिमुद्रण, गाणं 'नोबडी'. ज्याच्या मदतीला कधीच कुणी धावून आलं नाही, अशा माणसाची ती रडकथा. आवाज रेंगाळत जाणारा, अर्धा गाणारा, अर्धा बोलणारा. मी मनापासून हसलो. मग फोटो पाहिला आणि गोंधळलो. तोंडाला जाळलेल्या बुचाची काजळी, ओठ रंगवून मोठे केलेले. आणि काजळीखालचा माणूसही कृष्णवर्णीयच.

विल्यम्सचा जन्म १८७४चा, बहामातल्या नासाऊचा. अमेरिकन रंगभूमीवर तेव्हा गोरे नट काजळी फासून काळ्यांची टर उडवत. विल्यम्स आणि त्याचा जोडीदार जॉर्ज वॉकर यांनी 'आम्ही अस्सल' अशी स्वतःची जाहिरात केली. तरी उजळ वर्णाच्या विल्यम्सनं काजळी लावलीच, आणि जी बोली त्याची नव्हती तीही शिकून घेतली. वॉकर मात्र काजळी न लावता, झकपक कपड्यांत उभा राहायचा. १९०३ मध्ये त्यांचं 'इन दाहोमी' ब्रॉडवेवर आलं आणि पुढे लंडनलाही गाजलं. १९१० मध्ये विल्यम्स झीगफेल्डच्या 'फॉलीज'मध्ये गेला, तो गोऱ्या कलाकारांच्या ताफ्यात एकटाच. काजळी तिथंही सुटली नाही.

त्यानं नकार द्यायला हवा होता का?

वॉकरकडे पाहिलं की 'दुसरा इलाज नव्हता' हे उत्तर अपुरं वाटतं. काजळीची किंमत एकट्या विल्यम्सनं मोजली नाही. प्रेक्षागृहाबाहेरच्या ज्या लोकांबद्दलचा गोऱ्यांचा समज त्यानं पक्का केला, त्यांनीही ती मोजली. पण १९१८च्या एका लेखात तो स्वतःच सांगतो, की स्वतःकडे परका म्हणून पाहता आलं तेव्हाच त्याला विनोद सापडला. म्हणजे ज्यानं त्याला कोंडलं, त्यानंच मोकळंही केलं. १९१६च्या 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर' या मूकपटात तो पत्ते नसताना, भिडू नसताना एकटाच पोकर खेळतो. ते पाहतानाही मी हसलो. त्या हसण्यात काजळीचा वाटा किती आणि त्याच्या बोटांचा किती, हे मला वेगळं करता आलं नाही.

आमच्या टीममध्ये एकजण स्वतःच्याच गावाकडच्या बोलीची नक्कल करायचा. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. 'तो स्वतःच करतो की!' एवढ्यावर मी निश्चिंत होतो. ते हसू त्याचं होतं, की आमच्यात बसण्यासाठी भरलेली फी, हे मी कधी विचारलं नाही. त्यानं एक दिवस नक्कल थांबवली असती, तर आम्ही त्याला जेवायला बोलावत राहिलो असतो का? हेही मला ठामपणे सांगता येत नाही.

नकाराचा प्रश्न आपण विल्यम्सला विचारतो, कारण तो सोपा आहे. उत्तर दुसऱ्यानं द्यायचं असतं. काजळीशिवाय मी त्याचं तिकीट काढलं असतं का, हा प्रश्न प्रेक्षकाचा. नटाच्या निवडीची चिकित्सा शंभर वर्षं चालू आहे, प्रेक्षकाच्या निवडीची फारशी नाही.

फेब्रुवारी १९२२ मध्ये डेट्रॉइटला, न्यूमोनिया अंगात असताना, विल्यम्स रंगमंचावर कोसळला. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला आणि ते हसले, असं सांगतात. ४ मार्चला तो गेला. वय ४७.

'नोबडी' मी अजून ऐकतो. हसूही येतं. आता फक्त ते कशाचं, हे एकदा तपासून पाहतो.