खोटा होकार

खोटे बोलू नये, हे मुलांना शिकवण्याचे काम मी गेली वीस वर्षे पगार घेऊन करीत आहे. परंतु ज्याचे जग केव्हाच मोडले आहे, त्याला ते अजून जागच्या जागी आहे असे भासवणे, याला खोटे म्हणावे की नाही? या प्रश्नाने अलीकडे माझी पाठ धरली आहे. आणि गंमत अशी की, तो मला कोणा माणसाने नव्हे, संगणकाने घातला.

१९८१ साली आय. बी. एम.चा पीसी बाजारात आला आणि पुढे त्याच्यासाठी डॉसवर चालणारे असंख्य प्रोग्रॅम लिहिले गेले. त्यांतले काही अजून कामाचे आहेत: कारखान्यातल्या यंत्राला हुकूम देणारे, प्रयोगशाळेतल्या तराजूचे वजन वाचून घेणारे, पावत्या छापणारे. यंत्र झिजते, प्रोग्रॅम झिजत नाही. मग नव्या संगणकात जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग घेणारा एक प्रोग्रॅम बसवतात. त्याला एम्युलेटर म्हणतात. २००२ साली निघालेला डॉसबॉक्स हा त्यांतला प्रसिद्ध. जुना प्रोग्रॅम आतून विचारतो, “पडदा आहे?” हा म्हणतो, “आहे.” “घड्याळ?” “आहे.” वस्तुतः त्याच्या ओळखीचे तेथे काहीच उरलेले नसते.

इथवरचे सोंग मला निष्पाप वाटते. बहुरूपी पोलीस होऊन दारात दरडावतो, म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही. (आपल्याला सोंग ठाऊक असते आणि प्रोग्रॅमला नसते, हा फरक आहे खरा, पण पडद्यावरची अक्षरे उमटली की त्याचे काही बिघडत नाही.)

खरी कसोटी लागते ती पोर्टपाशी. पोर्ट म्हणजे संगणकाचे दार. प्रिंटरची, मोडेमची, तराजूची तार येथे जोडतात. जुन्या प्रोग्रॅमांची रीत अशी की, मध्ये नोकर न ठेवता ते पुष्कळदा स्वतःच दाराशी जात. छापायचे अक्षर ३७८ या पत्त्यावर ठेवायचे, प्रिंटर मोकळा आहे का ते ३७९ वर पाहायचे, आणि ३७ए वर क्षणभर इशारा देऊन ‘उचल’ म्हणायचे. (हे आकडे सोळाच्या मोजणीतले.) १९९३ साली आलेल्या विंडोज एन. टी.ने साध्या प्रोग्रॅमांना असा परस्पर दाराला हात लावू देण्याचे बंद केले. म्हणून एम्युलेटरला मध्ये उभे राहून निरोप पोचवावा लागतो. ते सोपे नाही. नव्या यू. एस. बी.च्या जोडतारेतून अक्षरे गठ्ठ्यागठ्ठ्याने जातात, आणि क्षण मोजत बसलेला जुना प्रोग्रॅम कंटाळून उठून जातो.

डॉसबॉक्समध्ये सीरियल पोर्टसाठी ज्या तजविजी आहेत, त्यांतल्या दोहोंची नावेच बोलकी आहेत. एक ‘डमी’, दुसरी ‘डायरेक्टसीरियल’. डमी म्हणते, दार आहे. पलीकडे मात्र कोणी नाही. पाठवलेले अक्षर ती मुकाट्याने गिळते. दुसरी तेच अक्षर खऱ्या दारापर्यंत नेते. आत बसलेल्याला सुरुवातीला दोन्ही होकार सारखेच ऐकू येतात.

असे होकार आपल्या घरांतही दिले जातात. आठवण अंधुक झालेल्या आजी विचारतात, “गायीला पाणी दाखवलंस का गं?” गोठा केव्हाच पडला, तेथे आता मोटार उभी असते. सून म्हणते, “दाखवलं, आई.” मला या सुनेत तिळमात्र दोष दिसत नाही. रोज नव्याने गाय मेल्याचे सांगून रोज नव्याने रडवण्यात कसले आले आहे सत्य? पण दुसऱ्या दिवशी आजी म्हणतात, “नात बाळंत झालीय, तिला डिंकाचे लाडू पाठव.” नात खरी आहे, बाळही खरे आहे. “पाठवले, आई,” असे म्हणणे येथेही तितकेच सोपे असते. आजींना कळणार नसते. नातीला तर लाडू यायचे होते, हेही ठाऊक नसते. मग बिघडले कोणाचे?

मला वाटते, बिघडले आजींचेच. गायीच्या होकाराने आपण त्यांचे मन राखले. लाडवांच्या होकाराने त्यांचा हात तोडला. त्या अजून देणाऱ्या होत्या. त्यांच्या शब्दाने जगात अजून काही घडू शकत होते. आपण परस्पर ठरवले की, यापुढे त्यांना फक्त गप्प बसवायचे.

प्रत्येक निरोप पोचवलाच पाहिजे, असे मी म्हणत नाही. उद्या आजी हातातल्या पाटल्या मोडून भलत्याला द्यायला सांगतील. तेथे मधल्या माणसाला थांबावे लागेल, आणि त्याचे ओझेही त्यालाच वाहावे लागेल. परंतु दार दोन्ही बाजूंनी उघडते, हे विसरून चालत नाही. त्या ३७९ च्या पत्त्यावर ‘कागद संपला’ हे सांगणारीही एक खूण असते, आणि चांगला एम्युलेटर ती झाकून न ठेवता जुन्या प्रोग्रॅमला समजेल अशा त्याच्याच खुणेत आत पोचवतो. सुनेलाही ते जमते. “डिंक संपलाय, आई. उद्या आणते, मग वळायला तुम्ही बसा.”