पाच महिने अंगावर काढलेस

पाच महिने पाळी नाही, आणि हे मला आज कळतंय, तेही आईने कोपराने ढोसलं म्हणून? बारावी सायन्स झालेली मुलगी तू. दोन दिवस ताप राहिला असता तर तलासरीचा दवाखाना गाठला असतास. पाळी थांबली तेव्हा मात्र मोबाइलवर बघून पुडी मागवलीस, कोमट पाण्यातून घेत राहिलीस आणि वर मला सांगतेस, ‘मॅडम, आयुर्वेदिक आहे.’ त्या पुडीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. आयुर्वेदाचं नाव घेऊन आजार लपवू नकोस.

वैद्याकडे गेली असतीस तर त्याने आधी कारण शोधलं असतं. भूक कशी, झोप कधी, शौचाला कसं होतं, वजन उतरलं की चढलं, सगळं विचारलं असतं. मग मी विचारते. उंबरगावच्या कारखान्यात रात्रपाळी, सकाळी चहा-बिस्किटं खाऊन आडवी, दुपारी उठून वडापाव, पुन्हा रात्री कामावर. जेवण कुठे आहे यात? तुझा ड्रेस खांद्यावरून उतरतोय. शरीराला पुरेसं अन्न मिळेनासं झालं की मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी थांबते. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडंही झिजायला लागतात, विशीतसुद्धा. पुडीने हे कसं भरून निघेल?

आणि तीच पुडी तू मैत्रिणीला दिलीस! तिचं वजन वाढलंय, हनुवटीवर केस येतायत, मानेवर काळे पट्टे आहेत. ती लक्षणं पीसीओएसची असू शकतात. तिथे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, बीज वेळेवर सुटत नाही. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी अशा पुष्कळ मुलींची पाळी मार्गावर येते. तिने वाडीतले चिकू जेवणावर चार-चार खाणं थांबवावं, बाटलीतली थंड पेयं सोडावीत, रोज घाम येईपर्यंत चालावं. तुला मात्र अंग भरायचंय. कृश माणसाचं पोषण करा, स्थूल माणसाला लंघन द्या, हे आयुर्वेद हजारो वर्षं सांगतोय. दोघींना एकच पुडी देणारा आयुर्वेद तुला कोणी शिकवला?

आता खाण्याचं बोलू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाळी नाहीशी झाल्यावर काय द्यावं ते सांगितलंय: मासे, कुळीथ, तीळ, उडीद, आंबट पदार्थ, दही. मद्यही आहे त्या यादीत, ते मी तुला घेऊ देणार नाही. बाकीचं बघ. उडीद तुमच्या शेताच्या बांधावर आहे. सुके बोंबील आणि जवळा डहाणूच्या बाजारात आहे. कुळथाचं पिठलं तुझी आजी करते, तीळ-गूळ घरात आहे. नागलीची भाकर तर तुमचं रोजचं अन्न. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि झिजणाऱ्या हाडांना तेच हवं. ते गरिबाचं खाणं म्हणून तू कँटीनमधल्या मैद्याला जवळ केलंस, याची मला चीड येते. शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा, वर लिंबू पिळून खा. जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. दोन वेळचं पोटभर जेवण कामाच्या आधी आणि कामानंतर झालंच पाहिजे. रात्रपाळी सुटत नसेल तर दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत, फोन बाहेर ठेवून, सलग घे.

पण हे सगळं तपासणीनंतर. लग्न झालेलं असो-नसो, संबंध आला असेल तर पहिली शंका गरोदरपणाची. आशाताईकडे निश्चय किट फुकट मिळतं. ती चाचणी न करता पाळी आणायच्या गोळ्या, मग ती रजःप्रवर्तिनी वटी का असेना, गिळणं धोक्याचं आहे. तिच्यात कासीस म्हणजे हिराकस आहे, टंकण म्हणजे टाकणखार आहे. ती वैद्याच्या हातूनच घ्यायची. थायरॉइड बघावं लागतं, प्रोलॅक्टिन बघावं लागतं. संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल तर गर्भाशयाचा क्षयसुद्धा शक्य असतो आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पहिली पाळी न आलेली मुलगी घरात असेल, तर तिलाही थांबवून ठेवू नका.

हिची आई म्हणून हे तुम्हालाही लागू आहे, ताई. भगताकडे नारळ ठेवून झाला, ‘अंगात उष्णता आहे’ म्हणून सोडून दिलं, पण पोरीचं ताट किती भरतं ते बघितलंत का? महालक्ष्मीच्या जत्रेला जायचं म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या मेडिकलमधून न विचारता आणल्यात. त्या घेतल्या हे डॉक्टरला सांगायला हवं, तेही लपवलंत. शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या हिने खिडकीबाहेर टाकल्या, तेव्हा तुम्ही हसलात. रक्त कमी असणं आणि पाळी थांबणं हे एकच नव्हे, पण दोन्हींच्या मुळाशी रिकामं ताट असू शकतं.

मास्तर लोकांनाही माझं बोलणं लागू दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बालशिक्षणाच्या कामासाठी कोसबाडच्या टेकडीवर आल्या, तेव्हा अक्षराच्या आधी त्यांनी मुलांना आंघोळ घातली. त्याच डहाणू तालुक्यात आज दहावीचा प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून उलटला जातो. मुलीने मग विचारायचं कुणाला?

उद्या सोमवार. पाळी शेवटची कधी आली ती तारीख, आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्या आणि ती पुडी, हे सगळं पिशवीत घाल. तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात जा, सोनोग्राफीला पुढे पाठवलं तर डहाणूला किंवा कासाला जा. पगार बुडेल म्हणून सांगू नकोस. मैत्रिणीलाही बरोबर ने. रिपोर्ट हातात आले की आधी मला दाखव, मग वैद्य कोणता आणि आहार कसा ते आपण बसून ठरवू.