तेवीस हजारांचा महिना

मोहर्लीला माझ्या मामांची जिप्सी आहे. ताडोबाच्या गेटवर नंबर लागला की ते सहा पर्यटकांना घेऊन जंगलात जातात, पेट्रोल आणि दुरुस्ती वजा जाता जे उरतं त्यावर घर चालतं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरात पहिला इंजिनिअर असल्यामुळे आकड्यांचं काहीही निघालं की फोन मला येतो.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी मी मोहर्लीला गेलो होतो. मामांना घरावर स्लॅब टाकायचा होता. वानरं दरवर्षी कौलं फोडायची आणि दर पावसाळ्यात घरात भांडी मांडावी लागायची. कर्ज मिळत होतं, हप्ता ९ हजारांचा होता. मामांनी वही माझ्यापुढे ठेवली. "तू इंजिनेर हायेस न, सांग बरं. जमते का?"

वहीत आधीच्या वर्षाची कमाई महिन्यानुसार होती. मी मोबाईलवर बेरीज केली, २ लाख ७६ हजार आली. भागिले १२ केलं, महिन्याला २३ हजार. घरखर्च १२ हजार, हप्ता ९ हजार, म्हणजे वर २ हजार शिल्लक. मी म्हटलं, "मामाजी, आरामात जमतं."

मामी चुलीपाशी होती. तिने तिथूनच विचारलं, "अन् पावसाळ्यात कसं होईन, बापू?"

मी म्हटलं, "ते सरासरीत धरलंय, मामी."

हे वाक्य मला अजून टोचतं. कारण ते खोटं नव्हतं. पावसाळा सरासरीत धरला होता, आणि तिथेच तो दिसेनासा झाला होता.

*

मामांच्या वहीतले आकडे इथे देतो. तुम्हीही मोबाईलवर करून बघा. हजारांत आहेत, ऑक्टोबरपासून सप्टेंबरपर्यंत: २२, २६, ३४, ३०, २४, २६, ३६, ४२, २४, ३, ४, ५.

शेवटचे तीन आकडे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे. या तीन महिन्यांत ताडोबाचा गाभा भाग पर्यटनासाठी बंद असतो. बफरमध्ये थोड्या फेऱ्या होतात, पण पर्यटक कमी आणि गाड्या तेवढ्याच. उलट एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर भट्टीसारखं तापतं, जंगलातलं पाणी आटतं, वाघ पाणवठ्यावर येतो आणि त्याच्यामागे पर्यटक येतात.

आता गंमत बघा. सरासरी २३. पण या बारा महिन्यांत २३ हजारांचा महिना एकही नाही. ज्या महिन्यावर विसंबून मी कर्ज घ्यायला सांगितलं, तो महिना मामांच्या आयुष्यात कधी आलाच नव्हता.

शाळेत शिकवतात की सरासरी फसवी वाटली तर मध्यक बघा. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. एखाद्या गावात एक कोट्यधीश राहायला आला तर सरासरी उत्पन्न उडी मारतं, मध्यक मात्र जागचा हलत नाही, म्हणून तो जास्त प्रामाणिक मानला जातो. मामांच्या वहीचा मध्यक येतो २५. म्हणजे सरासरीपेक्षाही गोड बातमी! मध्यकाला टोकांची पर्वा नसते. कोट्यधीशाच्या बाबतीत तो त्याचा गुण, मामांच्या बाबतीत तोच दोष. इथे टोकालाच तर उपाशी महिने उभे होते.

मग उरतं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. प्रत्येक महिना सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. मामांचं उत्तर येतं साधारण १२ हजार. तेवीसच्या सरासरीवर बाराचा पसारा! एवढा एक आकडा जरी मी त्या दिवशी काढला असता, तरी तोंडातून "आरामात" हा शब्द निघाला नसता.

पण खरं सांगायचं तर हेही पुरेसं नव्हतं. मामांचे बारा महिने पत्त्यांसारखे पिसा. सरासरी तीच, मध्यक तोच, प्रमाण विचलनही तेच. तीन वाईट महिने वर्षभर विखुरलेले असोत की एकामागून एक आलेले असोत, या मापांना फरक कळत नाही. घराला कळतो. जुलै ते सप्टेंबर मामांची मिळकत १२ हजार, आणि खर्च अधिक हप्ते मिळून ६३ हजार. ५१ हजारांचा खड्डा. पहिला हप्ता मे महिन्यात गेला होता. मे आणि जूनमध्ये मिळून हिशेबाने जास्तीत जास्त २४ हजार उरले असते, आणि जून म्हणजे शाळेचाही महिना.

हेच कर्ज ऑक्टोबरपासून सुरू झालं असतं तर जूनअखेर ७५ हजार गाठीला असते आणि पावसाळा निघून गेला असता. तीच मिळकत, तोच हप्ता, तीच सरासरी. फक्त सुरुवातीचा महिना वेगळा. मामीचा प्रश्न नेमका हाच होता. तिला प्रमाण विचलन माहीत नव्हतं, पण पावसाआधी तांदूळ, डाळ आणि सरपण भरून ठेवणाऱ्या बाईला क्रम माहीत असतो.

दिवाळीत गेलो तेव्हा मामीच्या गळ्यात सोन्याची पोत नव्हती. काळे मणी होते फक्त. मी विचारलं तर म्हणाली, "ठेवली हाये." कुठे, ते मामेबहिणीने नंतर सांगितलं. ऑगस्ट आणि सप्टेंबरचे हप्ते त्या पोतीतून गेले होते. मला कुणी फोन केला नव्हता. हिशेब मी करून दिला होता ना, मग मला वाईट वाटलं असतं.

*

आता माझ्या नोकरीबद्दल. यात माझा गुन्हा थोडा मोठा होतो.

आमच्या कामात ॲप किती वेगाने उत्तर देतं हे मोजतात, आणि ते सरासरीने मोजू नये हे पहिल्याच वर्षी शिकवतात. सरासरी अर्ध्या सेकंदाची असली तरी शंभरातला एक माणूस दहा सेकंद गोल फिरणाऱ्या चाकाकडे बघत बसलेला असू शकतो. म्हणून आम्ही नव्व्याण्णवावा शतमक बघतो: सर्वात हळू उत्तर मिळालेल्या एक टक्का विनंत्या बाजूला काढल्या तर उरलेल्यांत सर्वात जास्त वेळ किती लागला? सर्व्हर किती लावायचे हेही सरासरी गर्दीवर ठरत नाही, सर्वात मोठ्या गर्दीवर ठरतं.

म्हणजे यंत्रांचा विचार करताना मी वाईट क्षणाचा विचार करतो. त्याचे मला पैसे मिळतात. आणि मामांच्या बाबतीत बेरीज करून बाराने भागून मोकळा झालो. असं का झालं?

आळस होताच. पण त्यापलीकडे एक कारण आहे आणि ते मान्य करायला मला वेळ लागला. माझा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला, तेवढाच येतो. माझ्या मिळकतीचं प्रमाण विचलन जवळजवळ शून्य आहे. माझ्यासाठी सरासरी महिना आणि प्रत्यक्ष महिना एकच. पगारदार माणूस सरासरीत राहतो, म्हणून त्याला वाटतं की सगळेच तिथे राहतात. मामा पसाऱ्यात राहतात. तेंदूपत्ता तोडणारे, मोहफुलं वेचणारे, धान लावणारे, गेटवर नंबराची वाट बघणारे, सगळे पसाऱ्यातच राहतात.

कर्ज देणाराही सरासरीत राहतो. त्याचे हजारो कर्जदार असतात, एकाचा वाईट महिना दुसऱ्याच्या चांगल्या महिन्याने भरून निघतो. त्याला सरासरी वापरण्याचा हक्कच आहे, कारण त्याच्यासाठी ती खरी आहे. मामांकडे मात्र एकच घर होतं. पसारा कुठे नाहीसा होत नाही. कुणीतरी तो अंगावर घेतो, आणि तो कुणी घ्यायचा हा गणिताचा प्रश्न नाही, नीतीचा आहे. आमच्याकडे तो एका पोतीने घेतला. यावर उपाय अवघड नाही. पीककर्जाची परतफेड हंगामाच्या हिशेबाने ठरते, कारण शेतकऱ्याचं पीक दर महिन्याला येत नाही हे आपण कधीच मान्य केलंय. जिप्सीवाल्याचं पीकही दर महिन्याला येत नाही.

*

मग पसारा मोजला की न्याय झाला का? मलाही काही दिवस तसं वाटत होतं. नंतर पुण्यातलाच एक जुना वाद वाचनात आला.

१९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला सरासरी २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, अशी त्यांची रेषा होती. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, मोठे संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वीस वर्षं संख्याशास्त्राचं काम पाहून पुण्यात आलेले. त्यांचं म्हणणं असं: गरजेची सरासरी ही सरासरी आहे. माणसामाणसाची गरज वेगळी असते, एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते, आणि काही मर्यादेपर्यंत शरीर जुळवून घेतं. सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरला तर कितीतरी धडधाकट माणसंही उपाशी ठरतील. म्हणून रेषा सरासरीवर नको, तिच्याखाली दोन प्रमाण विचलनांवर हवी. १९८० च्या दशकात दांडेकरांनी याचा कडाडून प्रतिवाद केला.

लक्षात आलं ना? इथे पसाऱ्याचा विचार केल्यामुळे उपाशी माणसांची संख्या कमी झाली. सुखात्म्यांची शंका पोकळ नव्हती, सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज नसते हे खरंच आहे. पण रेषा इतकी खाली नेली तर ज्याची गरज मोठी आहे आणि ताट लहान, तो खरा भुकेला मोजणीतून सुटतो. चूक दोन्हीकडे होऊ शकते. पोट भरलेल्याला उपाशी म्हणणं ही एक चूक, उपाशी माणसाला पोट भरलेला म्हणणं ही दुसरी. यातली कुठली जास्त वाईट, हे कुठलंही सूत्र सांगत नाही. ते आपल्याला ठरवावं लागतं. मला विचाराल तर दुसरी जास्त वाईट. पहिल्या चुकीत थोडं धान्य वाया जातं, दुसरीत माणूस.

माझी चूक दुसऱ्या जातीची होती.

*

मोहर्लीच्या जंगलात एकाची मोजणी मात्र नेहमी पसाऱ्यासकट होते. वाघाची. पट्ट्यांच्या नक्षीवरून वाघ ओळखायला झाडांवर कॅमेरे लागतात, आणि जे दिसले नाहीत त्यांचा अंदाज गणिताने बांधतात. २०२२ च्या गणनेत भारतात सरासरी ३,६८२ वाघ निघाले, आणि सोबत स्पष्ट लिहिलं होतं: कमीत कमी ३,१६७, जास्तीत जास्त ३,९२५. हा पसारा वेगळ्या प्रकारचा आहे, हे खरं. मामांचा पसारा त्यांच्या जगण्यातला, वाघांचा आपल्या माहितीतला. पण त्यातला प्रामाणिकपणा मला आवडतो. एक आकडा सांगून मोकळं व्हायचं नाही, आपण किती चुकू शकतो तेही त्याच ओळीत सांगायचं. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "वाघाले दोन्ही बाजू सांगतेत, अन् मले नुसतं मधलं सांगतलं तू."

सरासरी टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती नसेल तर राज्याचं अंदाजपत्रकही होणार नाही आणि क्रिकेटवरच्या गप्पाही. पण स्वतःसाठी सरासरी वापरणं आणि दुसऱ्यासाठी वापरणं यात फरक आहे. दुसऱ्याला सल्ला देताना त्याचे चांगले महिने माझ्या हिशेबात येतात आणि वाईट महिने त्याच्या घरात राहतात. म्हणून आता कुणी वही पुढे केली की मी बेरजेआधी दोन प्रश्न विचारतो. सर्वात वाईट महिना कोणता? आणि त्याच्या शेजारचा कसा असतो?

पोत मी सोडवून आणली. मामा पैसे घ्यायला तयार नव्हते, शेवटी उसने म्हणून घेतले. मी म्हटलं, दर महिन्याला थोडे थोडे द्या, काही घाई नाही.

"नाही," मामा म्हणाले, "महिन्या-महिन्यानं नाही. मे महिन्यात देतो सारे."

आणि मे महिन्यात दिले.