जहाल कुणाला म्हणायचं?

‘जहाल’ हा शब्द मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात ऐकला. ठेच्याला, वैद्याच्या एखाद्या मात्रेला आजी जहाल म्हणायची. पुढे शाळेत इतिहासाच्या वहीत दोन रकाने आखले, तेव्हा तोच शब्द टिळकांच्या डोक्यावर आला. शेजारच्या रकान्यात मवाळ म्हणून गोखले बसले. मनात ठसलं ते असं की जहाल म्हणजे शूर आणि मवाळ म्हणजे भित्रे. तो ठसा पुसायला मला बरीच वर्षं लागली.

टिळकांनी हा शब्द स्वतःसाठी निवडला नव्हता. १९०५च्या वंगभंगानंतर स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री घेऊन उभी राहिलेली माणसं स्वतःला नवा पक्ष किंवा राष्ट्रीय पक्ष म्हणवत. राज्यकर्त्यांची वृत्तपत्रं त्यांना ‘एक्स्ट्रीमिस्ट’ म्हणत, आणि त्यात हेटाळणी असे. मराठीत आल्यावर मात्र शब्दाचा रंग पालटला. इंग्रजी शब्दात ताळतंत्र सोडलेला माणूस दिसतो; ‘जहाल’मध्ये धग आहे, तेज आहे. शिवीचं बिरुद झालं. दुसऱ्या बाजूचं नेमकं उलटं घडलं. ‘मॉडरेट’ हे इंग्रजीत भल्या माणसाचं विशेषण. त्यासाठी ‘नेमस्त’ हा आबदार शब्द मराठीत होता, वापरलाही जात होता. पण लोकांच्या तोंडी बसला ‘मवाळ’. गोखल्यांवर अन्याय झाला तो इथे, भाषेत.

शब्दाचा हा चंचलपणा टिळकांनी स्वतः ओळखला होता. २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्याच्या भाषणात ते म्हणाले की ही दोन्ही नावं काळाशी बांधलेली आहेत. काँग्रेस नवी होती तेव्हा दादाभाई नौरोजींनाच लोक जहाल ठरवत. आता त्यांचीच मतं मवाळ गणली जातात. आणि उद्या आपली मुलं स्वतःला जहाल म्हणवतील, आपल्याला मवाळ. ऐन उमेदीतल्या पुढाऱ्यानं आपल्याच बिरुदाबद्दल इतक्या स्वच्छपणे बोलावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

भाकीत खरं व्हायला वीस वर्षंही लागली नाहीत. १९१९ साली अमृतसरला टिळकांनी प्रतियोगी सहकारितेची, म्हणजे सरकार जितकं सहकार्य करील तितकंच आपण करायचं, अशी भूमिका मांडली. त्यांच्या पश्चात तोच धागा धरून केळकर, जयकर, मुंजे हे प्रतिसहकारवादी झाले, आणि असहकारितेत तापलेल्या पिढीला ते मवाळ वाटू लागले. न. चिं. केळकर म्हणजे टिळकांच्या ‘केसरी’चा वारसा सांभाळणारे! माणसं फारशी हलली नव्हती, मोजपट्टी सरकली होती.

शिवाय ही मोजपट्टी एकाच दिशेनं मोजायची. १८९१ साली संमतीवयाच्या विधेयकानं मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं म्हटलं, तेव्हा परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात उभे राहिले. त्या प्रश्नावर जहाल कोण, असं विचारलं तर उत्तर विधेयकाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या आगरकरांचं येतं. ज्यांना आपण मवाळ म्हणून बाजूला सारलं त्या गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. त्या काळात प्रत्येक पोराला शाळेत बसवायची मागणी करणं मवाळ होतं?

शब्द कोणत्या भाषेत तोलला जातो यावर माणसाचं आयुष्य ठरतं, हे टिळकांवरच्या १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात दिसलं. ‘केसरी’तल्या मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरं मराठी न कळणाऱ्या ज्यूरीपुढे ठेवली गेली, आणि ती चुकीची आहेत हे टिळक शब्द धरून धरून सांगत राहिले. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षं, मंडाले.

१९८०च्या दशकात पंजाबच्या बातम्यांत ‘एक्स्ट्रीमिस्ट’ हा तोच इंग्रजी शब्द पुन्हा आला. या वेळी मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘जहाल’ म्हटलं नाही, ‘अतिरेकी’ म्हटलं. इंग्रजीत शब्द एक, मराठीत दोन. बहिष्कार पुकारणारा आणि बसमधून उतारूंना उतरवून गोळ्या घालणारा यांच्यातला फरक आपल्या भाषेनं जपला, हे मोठं काम आहे. म्हणूनच केवळ वेगळं मत मांडणाऱ्याला कुणी ‘अतिरेकी विचारांचा’ म्हणून मोकळं होतं, तेव्हा मला राग येतो. त्यानं केलं काय, हे आधी सांगा.

पुन्हा टिळक-गोखल्यांकडे येतो. काँग्रेसचं सुरतेचं अधिवेशन आपल्याकडे जोड्यासाठी आठवतात. २७ डिसेंबर १९०७. टिळक बोलायला व्यासपीठावर चढले, अध्यक्षांनी परवानगी नाकारली, ते हाताची घडी घालून उभेच राहिले. मंडपातून एक जोडा भिरभिरत आला. टोकदार, तांबड्या चामड्याचा मराठी जोडा. तो मवाळ पुढारी सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग खुर्च्या, लाठ्या. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, आणि त्यानं आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. टिळकांच्या अंगावर माणसं धावून येत होती, तेव्हा गोखले त्यांच्या शेजारी उभे होते, दोन्ही हात पसरून, त्यांना वाचवायला.